जिन्याच्या दाराचं कुलूप

६ नोव्हेंबर २०२१. भाऊबीजेचा दिवस. अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात सकाळी अकराच्या सुमारास कोविडच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. कक्षात १७ रुग्ण होते. किमान ११ जण दगावले. कक्ष कोविडच्याच काळात उभा राहिलेला, नवाकोरा होता. वेळ रात्रीची नव्हती. जिल्ह्याच्या मुख्य शासकीय रुग्णालयात, भर दिवसा, डॉक्टर-सिस्टरांची ये-जा चालू असताना हे घडलं.

त्याच वर्षी महाराष्ट्राने असे चार मोठे घाव आधीच सोसले होते. ९ जानेवारीच्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात शिशू कक्षात १७ बाळं होती. सात वाचली, दहा गेली. मार्चअखेरीस भांडुपच्या ड्रीम्स मॉलला आग लागली आणि धूर मॉलमधल्याच सनराइज रुग्णालयात शिरला. २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात प्राणवायूची गळती झाली. त्या दिवशीच २२ जण गेले. दोन दिवसांनी, २३ एप्रिलच्या पहाटे, विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयाचा अतिदक्षता कक्ष पेटला. भंडाऱ्यानंतर राज्यभर फायर ऑडिटचे आदेश सुटले होते. नगरच्या आगीनंतर तक्रार पुढे आली ती अशी, की इथलं ऑडिट झालेलं होतं, दोषही कळले होते, पण दुरुस्तीचं काम निधीसाठी अडून राहिलं होतं.

तपासणीच्या आदेशांची कमतरता कधीच नव्हती. राजकोटच्या कोविड रुग्णालयातल्या आगीची स्वतःहून दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२० रोजी सांगितलं होतं, की प्रत्येक जिल्ह्यात समिती नेमा आणि कोविड रुग्णालयांची अग्निसुरक्षा महिन्यातून एकदा तरी तपासा. त्यानंतर बावीसच दिवसांनी भंडारा घडलं. पण भंडाऱ्याची बाळं कोविडची नव्हती. वजन कमी म्हणून, दिवस पुरे भरले नाहीत म्हणून ती तिथे ठेवली होती. कागदाच्या भाषेत तो आदेश त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता.

म्हणून ऑडिट झालं की नाही, एवढंच विचारून भागत नाही. ऑडिट कोणी केलं, त्याला पैसे कोण देतं, आणि खरं लिहिलं तर त्याचं काय बुडतं, हेही विचारावं लागतं. रुग्णालयांच्या सुरक्षेचा आणि जोखमीचा स्वतंत्र सल्ला देणं हा जगात काही दशकं रुळलेला व्यवसाय आहे. आपल्याकडे त्याची ओळख अजून जेमतेम आहे, आणि आहे तीही बरीचशी गैरसमजाची.

अमेरिकेत रुग्णालयांच्या सुरक्षाप्रमुखांची संघटना १९६८ साली उभी राहिली. ‘इंटरनॅशनल असोसिएशन फॉर हेल्थकेअर सिक्युरिटी अँड सेफ्टी’ हे तिचं आजचं नाव. तिचे संस्थापक-अध्यक्ष रसेल कॉलिंग यांनी हॉस्पिटलची राखण हे बँकेच्या किंवा गोदामाच्या राखणीपेक्षा वेगळं शास्त्र आहे हे ठसवायला आपलं आयुष्य घातलं. बँकेला दार बंद करता येतं. रुग्णालयाला ते चोवीस तास उघडं ठेवावं लागतं, आणि आत येणारा माणूस घाबरलेला, रडवेला, कधी प्यालेला, कधी रक्ताळलेला असतो. त्या देशाच्या कामगार आकडेवारीनुसार २०१८ मध्ये कामाच्या जागी हिंसेमुळे जखमी होऊन रजा घ्यावी लागलेल्यांपैकी ७३ टक्के लोक आरोग्यसेवेतले होते. १९८४ साली तिथेच सुरक्षा सल्लागारांची वेगळी संघटना निघाली. तिच्या सभासदत्वाची मुख्य अट इथे फार महत्त्वाची आहे: सल्लागाराने कॅमेरे, कुलपं, गार्ड यांपैकी काहीही विकायचं नाही, विकणाऱ्याकडून दलालीही घ्यायची नाही. त्याने विकायचं ते फक्त आपलं मत.

आपल्याकडे गाडी नेमकी इथे अडते. रुग्णालयाला सुरक्षेचा सल्ला हवा असतो तेव्हा बहुधा गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीलाच बोलावतात. ती मोफत पाहणी करून देते, आणि पाहणीचा निष्कर्ष असतो की तीन पाळ्यांत मिळून आणखी गार्ड लागतील. कॅमेरेवाल्याला बोलावलं तर आणखी कॅमेरे लागतात. यात प्रत्येक जण लबाड असतो असं मुळीच नाही. ज्याच्या हातात जे अवजार, त्याला दुखणं तसंच दिसतं.

अग्निसुरक्षेत तर हा गुंता कायद्यातच येऊन बसला आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची असते. ती चालू असल्याचं प्रमाणपत्र, ज्याला सगळे ‘बी फॉर्म’ म्हणतात, परवानाधारक एजन्सीकडून घेऊन दर जानेवारीत आणि जुलैत अग्निशमन विभागाकडे द्यायचं असतं. ही एजन्सी निवडतो मालक. तिचं बिल भरतो मालक. सिलिंडर भरण्याचं, पंपाच्या देखभालीचं कंत्राटही पुष्कळदा तिचंच असतं. आपणच सांभाळलेला पंप चालत नाही असं आपल्याच सहीने लिहून द्यायचं म्हणजे माणूस सोन्याचा असावा लागतो. व्यवस्था सोन्याच्या माणसांच्या भरवशावर सोडता येत नाही. सनदी लेखापाल स्वतः लिहिलेल्या वह्या स्वतः तपासत नाही, हे तत्त्व पैशांच्या बाबतीत आपण कधीच मान्य केलं आहे.

चांगला सल्लागार काय करतो हे समजून घ्यायचं तर त्याच्यामागून एक फेरी मारायला हवी. ही फेरी शक्यतो रात्री असते. दिवसाचं रुग्णालय अधीक्षकांचं असतं. रात्रीचं रुग्णालय एका सिस्टरचं, एका मावशीचं आणि डोळ्यांवर झोप असलेल्या निवासी डॉक्टरचं असतं. फेरी सुरू होते गेटबाहेर. रस्त्यावरचा दिवा लागतो का, अग्निशमन दलाची गाडी वळेल एवढी जागा आहे का, तिथे चहाच्या टपऱ्या आणि मोटारसायकली किती. मग अपघात विभाग. मग तळघर. मग वॉर्ड. आणि प्रत्येक मजल्यावर जिन्याचं दार.

या दारापाशी थोडं थांबायलाच हवं, कारण या धंद्यातला सगळ्यात अवघड प्रश्न तिथे उभा असतो.

मागच्या जिन्याच्या दाराला कुलूप का असतं? कारणं खरी असतात. भेटीची वेळ संपली तरी नातेवाईक तिथून वर चढतात. भ्रमिष्ट अवस्थेतला रुग्ण सलाइनची सुई उपटून तिथून निघून जातो. नळ, तांब्याच्या नळ्या, एसीचे भाग त्याच वाटेने बाहेर जातात. आणि सर्वांत मोठी भीती बाळचोरीची. जून २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयातून पाच दिवसांचं बाळ एका बाईने उचलून नेलं. पोलिसांनी ते काही तासांत शोधून आईच्या कुशीत दिलं, म्हणून सर्वांना हायसं वाटलं. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बालतस्करीच्या एका प्रकरणात बजावलं, की रुग्णालयातून नवजात बाळ चोरीला गेलं तर पहिलं पाऊल म्हणून त्या रुग्णालयाचा परवाना निलंबित व्हावा. असा निकाल वाचल्यावर कुठला अधीक्षक प्रसूती वॉर्डाच्या मागच्या जिन्याला कुलूप लावणार नाही?

आणि त्याच वॉर्डात रात्री आग लागली तर? किल्ली खाली सुपरवायझरकडे, आणि सुपरवायझर अपघात विभागातलं भांडण सोडवतो आहे.

सुरक्षा आणि अग्निसुरक्षा अशी एकाच दारापाशी समोरासमोर येतात. एकीचा विक्रेता म्हणतो कुलूप लावा, दुसरीचा म्हणतो काढा, आणि दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात. दोन्ही बाजू मांडीवर घेऊन बसणारा तिसरा माणूस इथे लागतो. त्याच्याकडे उपाय असतात, आणि ते फार महागही नसतात. दार बाहेरून उघडत नाही, पण आतून आडवा दांडा ढकलला की उघडतं आणि मोठ्याने घंटा वाजते. किंवा चुंबकी कुलूप बसवतात. आगीची सूचना मिळाली किंवा वीज गेली की ते आपोआप सुटतं. जिथे यातलं काहीच परवडत नाही, तिथे किल्ली दाराशेजारी काचेच्या पेटीत, आणि दुसरी ड्युटीवरच्या सिस्टरच्या टेबलाला साखळीने बांधलेली. बाळासाठी वेगळी तजवीज: आईच्या आणि बाळाच्या मनगटावर एकाच क्रमांकाच्या पट्ट्या, बाळ हलवायचं तर ओळखपत्र असलेल्या सिस्टरच्याच हाती, आणि ‘कोड पिंक’, म्हणजे बाळ नाहीसं झाल्याचा इशारा, पुकारला की कुठला कर्मचारी कुठल्या दारावर धावेल याची रंगीत तालीम. तालमीचा खर्च एका दुपारचा असतो. तीच होत नाही.

आगीत पळण्याचा विचारही रुग्णालयात वेगळा करावा लागतो. ऑफिसात घंटा वाजली की लोक जिन्याने खाली जातात. व्हेंटिलेटरवरचा माणूस जिना उतरत नाही. त्याच्याबरोबर प्राणवायूचं सिलिंडर, औषधाचे पंप, मॉनिटर आणि चार-पाच माणसं हलतात. म्हणून त्याला खाली नेण्याआधी त्याच मजल्यावर, आगीला तासदोन तास थोपवणाऱ्या दारापलीकडच्या भागात सरकवायचं, हा जगभरचा शिरस्ता आहे. सगळी मदार त्या दारावर. पण ट्रॉल्या नेताना आड येतं म्हणून ते दार विटेने, स्टुलाने, कधी रिकाम्या सिलिंडरने उघडं रोवून ठेवलेलं आढळतं. ते बंदच नसेल तर धुराला अडवणारं काही उरत नाही.

धूर किती वेगाने आणि कुठून येतो हे ९ डिसेंबर २०११ च्या पहाटे कोलकात्याच्या ढाकुरियातल्या ‘आमरी’ रुग्णालयात दिसलं. गाड्या लावण्यासाठी मंजूर झालेल्या तळघरात कापूस, गाद्या, रसायनं साठवली होती. तळघर मोकळं करा, असं अग्निशमन विभागाने काही महिने आधी सांगितलंही होतं. आग तळघरात लागली आणि तिथेच राहिली. धूर मात्र वातानुकूलनाच्या वाटांनी वरच्या मजल्यांवर पसरला. इमारत काचेने बंद केलेली. सुमारे ९० माणसं गेली, बहुतेक गुदमरून. शेजारच्या वस्तीतल्या पोरांना धूर आधी दिसला होता. ते धावत फाटकापाशी आले, आणि रखवालदारांनी त्यांना परत पाठवलं. पुढे त्याच पोरांनी काचा फोडून, दोर लावून माणसं बाहेर काढली.

त्या रखवालदारांना दोष देणं सोपं आहे. त्यांना शिकवलेलं एवढंच होतं, की अनोळखी माणूस आत सोडायचा नाही. खासगी सुरक्षा एजन्सींच्या २००५ च्या केंद्रीय कायद्याखालचे आदर्श नियम गार्डसाठी १०० तासांचं वर्गातलं आणि ६० तासांचं प्रत्यक्ष जागेवरचं प्रशिक्षण सांगतात. ते पुरं झालं तरी मॉलच्या दारावरचा गार्ड आणि अतिदक्षता कक्षाच्या दारावरचा गार्ड यांत फरक उरतो. दुसऱ्याला धूर कुठला, निर्जंतुकीकरणाची वाफ कुठली हे कळावं लागतं. मुख्य वीज कुठे बंद करायची आणि प्राणवायूचा कॉक कोणाच्या परवानगीने फिरवायचा हेही. पावसाळ्याच्या एका रात्री बारा तास उभं राहणाऱ्या माणसाला हे कोणी सांगितलेलंच नसतं.

प्राणवायू हा कोविडने शिकवलेला सर्वांत महागडा धडा. हवेत त्याचं प्रमाण २१ टक्के असतं. ते दोनतीन टक्क्यांनी जरी वाढलं, तरी कापड, प्लास्टिक, गादी फार लवकर पेट घेतात. कोविडच्या कक्षांत मिनिटाला ३०, ४०, ६० लिटर प्राणवायू एकेका रुग्णाला सोडला जात होता. खिडक्या बंद. भिंतीवर घरगुती धाटणीचे एसी, जे तीच हवा फिरवत राहतात आणि आठ-दहा तासांच्या वापरासाठी बनवलेले असून महिनोन्‌महिने अखंड चालत होते. त्यात सॅनिटायझर, प्लास्टिकचे पडदे, एकाच बोर्डावर लटकलेली पाच उपकरणं. सल्लागार अशा खोलीत शिरतो तेव्हा आधी ताजी हवा आत येते कुठून आणि शिळी बाहेर जाते कुठून हे पाहतो. मग वायरीला हात लावून पाहतो, गरम आहे का.

नाशिकला पेटलं काहीच नव्हतं. १३ किलोलिटरच्या टाकीत टँकरमधून द्रवरूप प्राणवायू भरताना गळती सुरू झाली, आवारभर पांढरं धुकं पसरलं आणि आत नळ्यांमधला दाब घसरला. एक लिटर द्रव प्राणवायूपासून सुमारे ८६० लिटर वायू मिळतो. दीडशेच्या आसपास माणसांचा श्वास त्या एका टाकीवर अवलंबून होता. मृतांची संख्या पुढे २४ झाली. वैद्यकीय वायूंच्या आंतरराष्ट्रीय मानकांत पुरवठ्याचे तीन स्रोत सांगितले आहेत: मुख्य, दुय्यम आणि राखीव, एक पडला की दुसरा आपोआप चालू व्हावा. महामारीच्या घाईत टाक्या बसल्या, ते गरजेचंच होतं. पण टाकी बसवणारा कंत्राटदार, ती भरणारा पुरवठादार आणि रुग्णालयाचा तांत्रिक कर्मचारी, या तिघांच्या मधल्या फटी बुजवण्याचं काम कोणाच्याच कागदावर नव्हतं. जोखीम अशा फटींतच दबा धरून बसते.

२७ जानेवारी २०१८ रोजी नायर रुग्णालयात अशाच एका फटीने एका ३२ वर्षांच्या तरुणाचा जीव घेतला. तो रुग्णाचा नातेवाईक होता. हातात प्राणवायूचं सिलिंडर घेऊन तो एमआरआयच्या खोलीत शिरला. यंत्र बंद आहे असं त्याला सांगितलं गेल्याचा आरोप कुटुंबाने केला. एमआरआयचं चुंबक बंद नसतंच. तपासणी चालू असो वा नसो, द्रवरूप हेलियमने गोठवलेलं ते चुंबक दिवसरात्र ओढत असतं. सिलिंडरसकट त्याला यंत्राने खेचून घेतलं. या खोलीपर्यंत पोचण्याआधी एकामागून एक चार टप्पे असावेत आणि शेवटचे दोन प्रशिक्षित माणसाशिवाय ओलांडताच येऊ नयेत, असा नियम अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने केव्हाचा घालून दिला आहे. आपल्याकडे पुष्कळदा एक दार असतं आणि त्यावर एक पाटी.

वॉर्डबॉयची जागा रिकामी आहे म्हणून नातेवाईकच स्ट्रेचर ढकलतो, सिलिंडर उचलतो, रक्ताची बाटली आणतो. हे आपल्या सरकारी रुग्णालयांचं रोजचं चित्र. कुठल्याही जोखीम अहवालात ते पहिल्या पानावर यायला हवं, आणि ते टिपायला बाहेरचा डोळा लागतो. आतल्यांना त्याची सवय झालेली असते.

सवय झालेल्या गोष्टींत आणखी एक आहे. २७ नोव्हेंबर १९७३ ला केईएम रुग्णालयातली परिचारिका अरुणा शानभाग ड्युटी संपल्यावर कपडे बदलायला तळघरात गेली. तिथे तिच्यावर हल्ला झाला. पुढची ४१ वर्षं, १८ मे २०१५ पर्यंत, ती त्याच रुग्णालयात जवळजवळ अचेतन अवस्थेत होती आणि केईएमच्या परिचारिकांनी तिला घरच्या माणसासारखं सांभाळलं. ९ ऑगस्ट २०२४ ला कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात प्रदीर्घ ड्युटीत एक प्रशिक्षणार्थी डॉक्टर सेमिनार हॉलमध्ये आडवी झाली. तिच्यावर अत्याचार करून तिचा खून झाला. दोन्ही घटनांमध्ये अर्धशतक लोटलेलं. पहिलीत कपडे बदलायला धड खोली नव्हती, दुसरीत झोपायला. दोन्हीत गुन्हेगार भिंत चढून आला नव्हता: एक तिथलाच सफाई कामगार, दुसरा पोलिसांच्या कामातून रुग्णालयात सर्रास वावरणारा स्वयंसेवक. गेटवर शंभर गार्ड असते तरी त्यांनी या दोघांना आत सोडलं असतं.

म्हणून अनुभवी सल्लागार नकाशावर आधी एक रेघ ओढतो: रात्रपाळीची स्त्री कपडे कुठे बदलते, झोपते कुठे, तिथून वॉर्डापर्यंत आणि वसतिगृहापर्यंत चालत जाते ती वाट कुठली, त्या वाटेवर दिवे किती, खोलीला आतून कडी आहे का, हाक मारली तर ऐकायला कोण. मग प्रत्येकाच्या ओळखपत्राला कुठलं दार उघडतं याची यादी करतो. यंत्रांची गरज त्यानंतर येते. आर. जी. कर प्रकरणानंतर सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृती दल नेमलं. त्याच्यापुढे मांडले गेलेले प्रश्न पाहिले तर विश्रांतीच्या खोल्या, दिवे, स्वच्छतागृहं हेच पुन्हा पुन्हा येतं.

डॉक्टरांवरच्या हल्ल्यांबद्दल महाराष्ट्रात बोलायचं तर मार्च २०१७ मधलं धुळं आठवावं लागतं. अपघातात डोक्याला मार लागलेला रुग्ण, शासकीय रुग्णालयात न्यूरोसर्जन नाही, रुग्णाला दुसरीकडे न्या असं ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरने सांगितलं, आणि जमावाने त्याला इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभर निवासी डॉक्टर रजेवर गेले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि सरकारने १,१०० सुरक्षारक्षक देण्याचं कबूल केलं. रुग्णामागे दोनच नातेवाईक, पास असल्याशिवाय प्रवेश नाही, हे नियम आले. २०१० पासून कायदाही आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड. रक्षक हवेतच. पण धुळ्याच्या त्या रात्रीची मूळ जोखीम न्यूरोसर्जनच्या रिकाम्या खुर्चीत होती, आणि ती खुर्ची गार्डने भरत नाही. ‘न्यूरोसर्जन नाही’ हे एकट्या कोवळ्या डॉक्टरने, भर गर्दीत, उभ्या उभ्या सांगायचं, ही दुसरी जोखीम.

ही दुसरी जोखीम कमी करता येते. मृत्यूची किंवा नकाराची बातमी वेगळ्या खोलीत, बसवून, वरिष्ठ डॉक्टरांच्या उपस्थितीत द्यायची. त्या खोलीला दोन दारं असावीत आणि डॉक्टरची खुर्ची दाराजवळ. सलाइनचे स्टँड, कात्री, काचेच्या बाटल्या हाताशी नसाव्यात. अपघात विभागात कोणाला आधी का घेतलं हे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असावं, आणि नातेवाईकांशी बोलण्याचंच काम असणारा एक माणूस रात्रीही असावा. खासगी रुग्णालयात ठिणगी बहुधा बिलाच्या खिडकीवर पडते. तिथलीही मांडणी याच नजरेने पाहतात.

सल्लागारांचं काम आता संगणकापर्यंतही गेलं आहे. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर खंडणीखोर हल्ल्यात बंद पडले; केसपेपरपासून रिपोर्टपर्यंत सगळं जवळपास दोन आठवडे हाताने लिहावं लागलं. हाताने लिहायचे कोरे नमुने कुठे ठेवले आहेत, हा प्रश्न तिथे लाखमोलाचा ठरतो.

एवढं सगळं मोठ्या रुग्णालयांना परवडेल. तालुक्याच्या गावातल्या, सोसायटीच्या पहिल्या मजल्यावर पंधरा खाटा मांडून बसलेल्या नर्सिंग होमचं काय? महाराष्ट्रातले कितीतरी जीव अशाच ठिकाणी जन्मतात आणि बरे होतात. तिथल्या डॉक्टर दांपत्याकडे सल्लागाराच्या फीचे पैसे नसतात, आणि अग्निशमन ना हरकत, नोंदणी, जैववैद्यकीय कचरा या परवान्यांनी त्यांचा जीव आधीच मेटाकुटीला आलेला असतो. गावातल्या आठ-दहा नर्सिंग होमनी मिळून एक स्वतंत्र तपासनीस वर्षातून दोनदा बोलावला तर ओझं वाटलं जाईल. जिल्ह्याच्या डॉक्टर संघटनांनी हे मनावर घ्यायला हवं. सरकारची वाट पाहण्याजोगं हे काम नाही. शासकीय रुग्णालयांत मात्र सरकारशिवाय गत्यंतर नाही. तिथे तपासणारा रुग्णालयाच्या साखळीबाहेरचा असावा आणि दुरुस्तीचा निधी अहवालाबरोबरच मंजूर व्हावा. भंडाऱ्यातही अग्निशमन यंत्रणेचा प्रस्ताव कागदावर होता.

अहवालाचं पुढे काय होतं, ही या धंद्यातली जुनी ठसठस आहे. लेखी जोखीम दाखवून दिली की व्यवस्थापनाला माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही. म्हणून काही ठिकाणी अहवाल तोंडीच मागितला जातो, काही ठिकाणी ‘गोपनीय’ शिक्का मारून कपाटात जातो. वॉर्डातल्या सिस्टरला, जिच्या हातून आगीच्या वेळी सगळं व्हायचं आहे, तिला तो कधी दिसतही नाही. चांगले सल्लागार म्हणून दोन अहवाल लिहितात: जाडजूड तो व्यवस्थापनाला, आणि एक पानाचा, मराठीतला, प्रत्येक वॉर्डाला. त्या पानावर फक्त त्या वॉर्डाचं असतं. वीज इथे बंद करा. प्राणवायूचा कॉक इथे. किल्ली इथे. रुग्ण या क्रमाने, या दाराने, या कक्षात.

हे पान मनात पाठ असेल तर काय होतं, याचं उदाहरण मुंबईतच आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवादी कसाब आणि अबू इस्माईल कामा रुग्णालयात घुसले. दोन रखवालदार मारले गेले. प्रसूतिपूर्व वॉर्डात २० गर्भवती होत्या आणि ड्युटीवर सिस्टर अंजली कुलथे. त्यांनी वॉर्डाची दारं लावली, दिवे घालवले आणि सगळ्या बायकांना वॉर्डाच्या टोकाच्या छोट्या पॅन्ट्रीत नेऊन बसवलं. डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे त्यांनी ही हकिगत सांगितली. गोळ्या आणि हातगोळ्यांच्या आवाजात त्यांतल्या एकीला कळा सुरू झाल्या. तिला प्रसूतिगृहात न्यायलाच हवं होतं, आणि ते वर होतं. कुलथे सिस्टर तिचा हात धरून अंधारात भिंतीला चिकटून निघाल्या. कुठे वळायचं, पायऱ्या कुठून सुरू होतात, वरचं दार कोणत्या बाजूला आहे, हे त्यांच्या पायांना ठाऊक होतं. एकेक पायरी करत दोघी वर पोचल्या, आणि ती बाई सुखरूप बाळंत झाली.